न काढलेली आठवण

पडद्यावर अभय मगदूमचं सगळं आयुष्य निळं दिसत होतं. मध्येमध्ये पिवळे ठिपके होते, पण ते पोह्यांवर चिमूटभर शेव भुरभुरावी तितकेच. बाकी जिकडे पाहावं तिकडे निळं.

"निळं म्हणजे काय?" पद्मजानं विचारलं.

"निळं म्हणजे कुलूपबंद," डॉ. नलिनी तांबट म्हणाल्या. "आठवण आहे, जागच्या जागी आहे. पण उघडत नाही."

"मग किल्ली?"

डॉक्टरांनी फैयाज बागवानकडे पाहिलं. फैयाज हा अभयचा कॉलेजपासूनचा मित्र आणि संगणकांच्या कुलपांमधला जाणकार. सांगलीहून मिरजेच्या या मज्जाशास्त्र प्रयोगशाळेत पद्मजाला तोच घेऊन आला होता. तो चष्मा पुसत म्हणाला, "किल्ली नाही वहिनी. काल दुपारपर्यंत होती."

काल दुपारी पद्मजा नेहमीसारखी ताकाचा पेला घेऊन अभयच्या खोलीत गेली होती. तो कामाला बसला होता. तिला पाहून तो खुर्चीवरून उठला, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार. या ना, बसा. कोणाकडे आलात?"

तिला वाटलं, गंमत करतोय. एके काळी तो अशी नाटकं फार करायचा. "पुरे झालं, ताक पी," ती म्हणाली. त्यानं पेला दोन्ही हातांनी घेतला, आपण परक्या घरी घेतो तसा, आणि तिच्याकडे संकोचून पाहत राहिला. त्याच्या समोरच्या पडद्यावर तीन ओळी होत्या. करार संपुष्टात आला आहे. आपल्या यंत्रांवरील कामाची सर्व माहिती सुरक्षितपणे बंद करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार. पद्मजानं त्या ओळी वाचल्या, पुन्हा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग फैयाजला फोन लावला.

अभय नद्यांचा अभ्यासक. उत्तर युरोपातली धरणं सांभाळणाऱ्या एका कंपनीसाठी तो घरबसल्या गणितं करायचा: कुठल्या धरणात गाळ किती साचेल, कुठला दरवाजा कधी उघडावा. नोकर नव्हे, कंत्राटी तज्ज्ञ. या धंद्याचा रिवाज असा की पगारी माणसाला कंपनी यंत्र देते आणि कंत्राटी माणसानं आपलं यंत्र आपण आणायचं, सुतारानं आपली करवत आणावी तसं. पण करवत तुमची असली तरी लाकूड त्यांचं. म्हणून कंपनी तुमच्या यंत्रावर आपला एक पहारेकरी बसवते. हा पहारेकरी म्हणजे एक आज्ञावली. काम चालू असताना यंत्रावर जे जे लिहिलं जाईल त्यावर ती कंपनीचा शिक्का मारते आणि करार संपला की शिक्क्याचा सगळा माल कुलपात जातो. कामाच्या वेळात उघडून नीटनेटके केलेले घरच्या बारशाचे फोटोही त्यात जातात. लोक दोन दिवस कुरकुरतात आणि दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीवर भागवतात.

अभयचं एक यंत्र मात्र टेबलावर नव्हतं. मेंदूज्वरात त्याच्या मेंदूतला आठवणींचा भाग सडायला लागला होता, तेव्हा याच डॉ. तांबटांनी तो भाग काढण्याआधी त्यातलं सगळं एका स्मृतिधरात उतरवून घेतलं होतं. चिंचोक्याएवढा स्मृतिधर, उजव्या कानामागे, हाडात बसवलेला. तेव्हापासून अभयचं जे काही आठवणं होतं ते त्यातच होतं. पुढं करार करताना कंपनीनं सांगितलं, आमची माहिती ज्या ज्या यंत्रावर राहणार त्या सगळ्यांची नोंद करा. दुसऱ्या कुणीही लॅपटॉपचं नाव सांगून मोकळा झाला असता. अभयनं स्मृतिधरही सांगितला.

"कशाला सांगतोस? त्यांना काय स्वप्न पडणार आहे?" पद्मजा तेव्हा म्हणाली होती.

"अगं, त्यांचे आकडे माझ्या डोक्यात राहतात की. मग सांगायला नको?"

हा असा माणूस. पेरूवाल्यानं चुकून एक पेरू जास्त दिला तर तो परत द्यायला स्टेशन चौकापर्यंत जाणारा. कंपनीच्या आज्ञावलीनं स्मृतिधरही आणखी एक यंत्र म्हणून नोंदवून घेतला आणि पहारेकरी त्याच्या डोक्यात जाऊन बसला. काम चालू असलं की कानामागे बारीक निळा दिवा लागायचा. पद्मजा त्या दिव्याला सवत म्हणायची.

सवत दुपारपासून रात्रीपर्यंत घरात असायची, कारण तिकडचा दिवस उशिरा उजाडायचा. मगदूमांकडे जेवण जैन रिवाजानं सूर्यास्ताआधी. घरातले दोघंही ते मनापासून पाळायचे. त्यामुळे संध्याकाळचं जेवण नेमकं कामाच्या मधे यायचं. दिवा विझवून पुन्हा लावायचा तर ओळखीच्या इतक्या परीक्षा द्याव्या लागत की आमटी गार व्हायची. म्हणून अभय दिव्यासकट पाटावर येऊन बसायचा. रोज. पद्मजा वाढताना पुटपुटायची, "आम्ही दोघी तुला वाढायलोय, कुणाच्या हातचं गोड लागतंय बघ." तो हसायचा आणि भाकरीचा तुकडा मोडायचा.

"पण कामाची माहिती बंद केली तर केली," पद्मजा आता म्हणाली. "मी काय कंपनीची माहिती आहे?"

डॉ. तांबट तिच्या शेजारी येऊन बसल्या. "पद्मजाताई, आठवण म्हणजे कपाटातलं पुस्तक नव्हे. पुस्तक काढलं, वाचलं, जागेवर ठेवलं, असं होत नाही. दर वेळी आपण काही आठवतो तेव्हा ती आठवण नव्यानं लिहिली जाते. तुमच्या-माझ्या मेंदूतही असंच होतं. आम्ही स्मृतिधर त्याच बेतानं बांधला, म्हणून तर अभयना तो परका वाटला नाही."

"आणि पहारेकऱ्याला एवढंच कळतं," फैयाज म्हणाला, "की कामाच्या वेळात काहीतरी लिहिलं गेलं. काय लिहिलं गेलं हे त्याला कळत नाही. नदी की बायको, त्याला सारखंच. मारला शिक्का."

"म्हणजे दिवा लागलेला असताना त्याला जे जे आठवलं..."

"ते ते निळं. आणि दुधाला विरजण लागल्यासारखं आहे हे. एकदा लागलं की लागलं. पुढं दिवा विझल्यावर तीच गोष्ट हजारदा आठवली तरी शिक्का जात नाही."

"प्रत? लोक दुसरीकडे प्रत ठेवतात ना?"

डॉक्टर खाली बघत म्हणाल्या, "माणसाच्या आठवणींची प्रत काढायला कायद्यानं बंदी आहे. चोरीला जातील म्हणून. त्या बंदीसाठी सरकारकडे खेटे घालणाऱ्यांत मीच पुढं होते."

कंपनीशी बोलून झालं होतं. फैयाजनं दुपारभर तेच केलं होतं. तिकडची बाई भली होती, ऐकताना तिचा आवाजही कापला म्हणे. पण कंपनी विकली गेली होती, नव्या मालकानं बाहेरची सगळी कंत्राटं एका झटक्यात संपवली होती आणि किल्ली माणसाच्या हातात कधी नव्हतीच. कुणाला मोह होऊ नये म्हणून ती यंत्रानं घडवलेली आणि यंत्रानंच मोडलेली. वरातीमागून घोडं यावं तशी कंपनीची एक सूचना मात्र आज सकाळी आली होती: आपली खासगी माहिती वेळीच वेगळी करून ठेवावी.

काचेपलीकडच्या खोलीत अभय बसला होता. डॉक्टरांची मदतनीस त्याला एकेक फोटो दाखवत होती आणि त्याचं बोलणं इकडे ऐकू येत होतं.

"हे आमचे बंडूकाका. जमिनीच्या वाटणीत लबाडी केली त्यांनी." पुढचा फोटो. "हे शेजारचे पाटणे. आमच्या फाटकासमोर गाडी लावतात." मग शाळेतला शिपाई ओळखला. विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा ओळखला.

मग त्याच्या आईचा फोटो आला. तो नीट निरखून त्यानं नकारार्थी मान हलवली. हरिपूरच्या संगमाचा फोटो आला. त्या घाटावर बसून तो लहानपणी नदी शिकला होता. "कुठली नदी आहे ही?" त्यानं विचारलं. मग पद्मजाचा.

"या बाहेर बसल्यात त्याच ना?" तो म्हणाला. "काल यांनी मला ताक दिलं."

पद्मजा ताडकन उठली. "त्या पाटण्याला ओळखतो! फाटकासमोर गाडी लावणाऱ्या माणसाला! आणि मला..." तापात याचं सगळं आजारपण तिनं काढलं होतं, याला पुन्हा चालायला तिनं शिकवलं होतं. याच्या डोक्यात पाटण्याला जागा होती आणि तिला नव्हती.

"वहिनी," फैयाज हळूच म्हणाला, "उलटं बघा की."

"काय उलटं?"

"पाटणे का राहिला? कारण काम करताना अभ्याला पाटण्याची आठवण कधी आली नाही. बंडूकाकांची आली नाही. जे मनात आलंच नाही ते तेवढं राहिलंय." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हा सगळ्यात गडद निळा डोंगर बघा. हा शिक्क्यावर शिक्का बसून झालाय. त्याच्या सगळ्या स्मृतिधरात एवढा गडद दुसरा नाही. डॉक्टर, कुणाचा आहे हा?"

"चेहऱ्याची गाठ उघडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण नावाची चिठ्ठी बाहेरून वाचता येते. पद्मजा आहे."

पद्मजा पुन्हा खुर्चीवर बसली. तिला त्याची खोली दिसायला लागली. तो पडद्यासमोर बसलेला, बोटं थांबलेली, नजर खिडकीबाहेर. ती दारातून विचारायची, "काय बघायलायस?" तो दचकून म्हणायचा, "कुठं काय," आणि पुन्हा कामाला लागायचा. तिला वाटायचं, नदी बघतोय. गाळ बघतोय. कधीकधी तिला दुसरंच काही वाटायचं आणि त्या वाटण्यानं तिचा जीव खालीवर व्हायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी ती इतकी वर्षं त्या खिडकीबाहेर सवत शोधत राहिली आणि तो तिथं तिलाच बघत होता. हे तिला कळलं तेव्हा ते बघणाराच उरला नव्हता. ती तोंडाला पदर लावून रडली. फैयाज उगाच पडद्यावरचे आकडे वाचत राहिला.

डॉ. तांबट मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. त्यांना काहीतरी सापडलं होतं.

"पद्मजाताई, इकडे या. डोळे पुसा आणि बघा." डोंगराच्या पायथ्याशी, एका कोपऱ्यात, एक पिवळा ठिपका होता. "यात तुमचा चेहरा आहे. ही आठवण बंद झालेली नाही."

"माझी?"

"तुमचीच. आणि चांगली मोठी आहे, ठसठशीत. अहो, एवढं पुष्कळ झालं! कलम बांधायला खोड लागतं. काहीच नसतं तर आम्ही कितीही सांगितलं तरी तुम्ही त्यांना ऐकीव बाई राहिला असता. हे खोड जिवंत आहे. रोज थोडं थोडं यावर बांधत जायचं. वेळ लागेल, पण मन तुम्हाला आपलं म्हणून धरेल."

पद्मजाच्या मनात एकदम किती दिवस धावून आले. लग्न ठरलं तेव्हा तो तिला हरिपूरला घेऊन गेला होता आणि होडीतून हात पाण्यात घालून कुठलं पाणी कृष्णेचं, कुठलं वारणेचं ते दाखवत होता. ते असेल का? की दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी दारात तिला मिठी मारून रडला होता, ते? काही असू दे. एक असू दे. मी त्यावर सगळा संसार पुन्हा उभा करीन, असं ती मनाशी म्हणत होती आणि तिनं कित्येक तासांत पहिल्यांदा पाणी मागून घेतलं.

फैयाज मात्र खूश झाला नव्हता. पिवळं म्हणजे जे कामात कधी मनात आलंच नाही ते, हे त्यानंच मघाशी समजावून सांगितलं होतं.

अभयला आत आणलं. पद्मजाला बघून तो पुन्हा अर्धवट उठला. "बसा, बसा," ती म्हणाली. आपल्याच नवऱ्याला अहोजाहो करताना तिची जीभ जड झाली. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि तो ठिपका हलकेच चेतवला.

"स्वयंपाकघर आहे," अभय म्हणाला. "ओट्याशी... तुम्ही आहात. हो, तुम्हीच. हात पिठानं भरलेत." त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मी तुम्हाला ओळखतो!"

"पुढं?" डॉक्टर म्हणाल्या.

"या म्हणतायत, 'विझवलास ना तो दिवा? आज माझ्याशी बोलताना तुझा साहेब मधे नको.' मी हो म्हणतो. मग या म्हणतात..." तो थांबला. त्यानं डोळे उघडले आणि पद्मजाकडे पाहिलं. परक्या बाईला अवघड वाटेल असं काही बोलायची वेळ आली की भला माणूस जसा घुटमळतो तसा तो घुटमळला. "सांगू का? वाईट वाटेल तुम्हाला."

पद्मजाला ते स्वयंपाकघर आठवलं होतं. "सांगा," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणालात, 'त्या तापातून तू उठला नसतास तर बरं झालं असतं.'"

डॉक्टरांनी ठिपका चेतवणं थांबवलं.

तिची आई निपाणीला अंथरुणाला खिळली होती तेव्हाची ती गोष्ट. स्मृतिधर नवा होता, कंपनीचं काम नुकतंच लागलं होतं, अभयला मधेच घेरी यायची, त्याला एकटं टाकून जाता येत नव्हतं. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता आई गेल्याचाच फोन आला. पद्मजा कणीक मळत होती. तिनं त्याला बोलावून घेतलं, दिवा विझवायला लावला आणि ते वाक्य बोलली. अभयनं ऐकून घेतलं. तिचे पिठाचे हात धरून तो तिला खुर्चीपर्यंत घेऊन गेला, गाडी सांगितली आणि तिच्याबरोबर निपाणीला आला. त्या वाक्याबद्दल तो नंतर कधी बोलला नाही. तीही बोलली नाही. पण तेव्हापासून तो गप्प झाला की तिला तेच वाक्य ऐकू यायचं. खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या नजरेत तिला तेच दिसायचं. जेवता जेवता त्याचा घास थांबला तरी तिला वाटायचं, आठवलं असणार. माफी मागायचं कितीदा तिच्या ओठांवर आलं, पण मागितली तर खपली निघेल म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

डॉ. तांबटांचा आवाज उतरला होता. "ताई, ही एक आठवण मी पुसू शकते. दोन मिनिटांचं काम आहे. पण मग खोड राहणार नाही. पुसायची की ठेवायची, तुम्ही म्हणाल तसं करू."

पद्मजा पडद्यावरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत होती. एवढ्या निळ्यात तो एकटा. "फैयाजभाऊ," ती सावकाश म्हणाली, "हे पिवळं राहिलंय, म्हणजे काम करताना याला हे कधी आठवलं नाही."

"नाही."

"आणि काम नसताना? सकाळी? रात्री? दिवा विझलेला असताना?"

फैयाजनं यंत्राला काहीतरी विचारलं. उत्तर यायला थोडा वेळ लागला. ते वाचून त्यानं चष्मा काढला. "ही आठवण एकदाच लिहिली गेलीय वहिनी. घडली तेव्हा. त्यानंतर आज, आत्ता, आपण काढली. मधे कधीच नाही."

"कधीच नाही?"

"एकदाही नाही."

इतकी वर्षं ज्या वाक्याला ती भ्याली ते त्यानं ठेवलं तिथंच पडून होतं, धूळ खात, पाटण्याच्या गाडीशेजारी. त्याला त्याचं काही वाटलंच नव्हतं. आणि ज्याचं वाटलं, जे त्यानं रोज उठून पुन्हा पुन्हा हातात घेतलं, ते सगळं कुलपात गेलं होतं. तिला हसावं की ओरडावं कळेना. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

अभय तिच्याकडे बघत होता. त्याला तिची कणव आली होती. ती फक्त परक्याची कणव होती, पण खरी होती.

"तुम्ही माझ्या जवळच्या कुणी असणार," तो म्हणाला. "नाहीतर असं कुणी बोलत नाही. एक विचारू? ती आठवण तिथंच संपते. मी तुम्हाला माफ केलं होतं का?"

इतकी वर्षं हा प्रश्न तिनं देवळात विचारला होता, उशीत तोंड खुपसून विचारला होता. त्याला विचारायचा धीर तिला कधी झाला नव्हता. आज तो तिला विचारत होता आणि आजच तिच्याकडे उत्तर होतं.

"केलं होतं," ती म्हणाली. "त्याच वेळी."

"नक्की?"

"नक्की. तुमच्याच डोक्यात पुरावा आहे."

त्याला ते कळलं नाही, पण बरं वाटलेलं दिसलं. खिडकीतून तांबूस ऊन आत आलं होतं. त्यानं तिकडे पाहिलं आणि तो थोडा अस्वस्थ झाला. सवयी मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात राहतात, त्यांना पहारेकरी शिवला नव्हता.

"दिवस मावळायला आला," तो म्हणाला. "आमच्यात सूर्यास्ताच्या आत जेवतात. तुमचं काय असतं?"

आमच्यात. पद्मजानं तो शब्द गिळला. "माझंही तसंच असतं," ती म्हणाली आणि सकाळी भरून आणलेला डबा पिशवीतून काढला. मग ती डॉक्टरांकडे वळली.

"पुसू नका," ती म्हणाली. "तेवढं एकच आहे त्याच्याकडे माझं. राहू दे."

तिनं दोन ताटल्या मांडल्या. त्याच्या ताटलीत भाकरी मोडून ठेवली, वर आमटी घातली. अभय तिच्यासमोर बसला, कानामागे दिवा नसलेला. पहिला घास घेण्याआधी तो अदबीनं थांबला आणि म्हणाला, "तुम्ही आधी सुरू करा."